भाऊजींचं नाक आणि जावयाचं इंजिन

आमच्या घरात नाकं सगळ्यांनाच आहेत, पण ते खऱ्या अर्थाने वापरतात एकटे भाऊजी. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते पहिल्या. जिन्यातून वर येतानाच ते सांगतात, "वहिनी, तुमचं फरशीचं फडकं काल नीट वाळलं नाही." पाण्याचा पेला हातात दिला की आधी तो उजेडात धरतात, मग हुंगतात, मग रुमालाने कड पुसतात, आणि एवढं सगळं झाल्यावर म्हणतात, "राहू दे, तशी तहान नाही."

नाकाने कांदे सोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण त्यातल्या कोणी दवाखान्यातल्या मळक्या चादरी वाहून पोट भरलेलं मी पाहिलं नाही. भाऊजींचं काम तेच. स्वतःचा पिकअप घेऊन दवाखान्यांत जायचं, रक्ता-पुवाने माखलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट यांचे गठ्ठे उचलून लॉन्ड्रीत टाकायचे आणि धुतलेले, इस्त्री केलेले गठ्ठे परत पोचवायचे. मळके गठ्ठे उतरले की गाडीचा हौदा फिनाईलने धुवायचा, उन्हात वाळवायचा आणि मगच त्यात स्वच्छ कपडा ठेवायचा, हा त्यांचा नेम. बाकीचे गाडीवाले हौद्यात एक बादली उलटी करतात आणि निघतात. म्हणून लॉन्ड्रीत त्यांना सगळे 'फिनाईल' म्हणतात. तोंडावरच म्हणतात. त्यांना त्याचं वाईट वाटत नाही.

मी एकदा विचारलं होतं, "एवढी किळस येते, तर दुसरं काही का नाही धरलं?"

"किळस येते म्हणूनच जमतं," ते म्हणाले. "ज्याला घाण दिसत नाही त्याच्या हातात घाण दिली की ती गावभर होते."

तर या भाऊजींच्या पिकअपचं इंजिन गेलं. एका चढावर, मोलकरणीने घासायची सगळी भांडी एकदम मोरीत टाकावी तसा आवाज झाला आणि गाडी जागच्या जागी मेली. मागे रस्त्यावर काळ्या तेलाची लांबच लांब रेघ. मिस्त्रीने गाडी ओढून नेली, खालून विजेरी मारली आणि भाऊजींना वाकायला सांगितलं. इंजिनाच्या ओतीव अंगाला भगदाड पडलं होतं. त्यातून आतला तुटका दांडा बाहेर डोकावत होता, मोडलेलं हाड कातडीतून बाहेर यावं तसा. तेलाचा पंप आतल्या आत बंद पडला होता आणि कोणाला कळलंच नव्हतं.

"हे आता शिवून होणार नाही," मिस्त्री म्हणाला. "दुसरं इंजिन बघा. जुनं चालेल, पण चांगलं जुनं."

दुसरं इंजिन मिळेपर्यंत भाऊजींनी भाड्याची गाडी घेतली. ती आधी मासळी वाहायची. भाऊजींनी हौदा तीनतीनदा धुतला, लिंबाच्या फोडी घासल्या, तरी पत्र्याच्या सांध्यांत मुरलेला तो वास काही निघेना. शेवटी व्हायचं तेच झालं. धुतलेले गठ्ठे एका दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरने नाकाला पदर लावून दारातूनच परत पाठवले. लॉन्ड्रीच्या मालकीणबाईंनी भाऊजींना बोलावून घेतलं. बाई वाईट नाहीत, पण धंद्याला पक्क्या. म्हणाल्या, "फिनाईल, तुमच्या गाडीतून गठ्ठे परत येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणखी एकदा आले तर मला दुसरी गाडी लावावी लागेल."

भाऊजी घरी आले ते थेट न्हाणीघरात गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता.

मग सल्ले सुरू झाले. सल्ला द्यायला गाडी चालवता यावी लागत नाही. आमच्या ह्यांनी सांगितलं, "बदलायचंच आहे तर मोठं टाक. मोठ्या ट्रकचं बसवतात म्हणे. चढावर उडत जाईल." मिस्त्री तिथेच होता. त्याने हात पुसत सांगितलं, "साहेब, नाकापेक्षा मोती जड करू नका. बुड वेगळं, गिअरबॉक्सचं तोंड वेगळं, रेडिएटर पुरणार नाही. शिवाय कागदावर इंजिनाचा नंबर चढवायचा असतो, तिथे अडकाल. ह्याच जातीचं, ह्याच मापाचं बघा." मग भाऊजींकडे वळून म्हणाला, "आणि बघायला जाल तेव्हा एकच पाळा. गार असताना सुरू करायला लावा. गार इंजिन खोटं बोलत नाही. आधी तापवून ठेवलं की धूर लपतो, खडखड लपते, सगळं गोड लागतं."

आता इंजिन बघायला कुठे जायचं, हा प्रश्न आमच्या घरात पडायलाच नको होता. भाऊजींच्या एकुलत्या एका मुलीचा नवराच जुन्या इंजिनांचा धंदा करतो. त्याचं यार्ड आहे, पत्र्याचं कुंपण घातलेलं, मोडक्या गाड्यांनी भरलेलं; दोघं राहतातही तिथेच, मागच्या खोल्यांत. लग्न ठरलं तेव्हा भाऊजी ते यार्ड बघून आले होते आणि आल्याबरोबर चपला धुतल्या होत्या. पण मुलीने स्वतः पसंत केलेला मुलगा. मग कोण काय बोलणार?

जावयाचा फोन आलाच. "बाबा, बाहेर कशाला हिंडता? तुमच्यासाठी एक काढून ठेवलंय. आरशासारखं आहे."

भाऊजींनी फोन ठेवला आणि तोंड असं केलं की जणू कोणी जिभेवर कोरफड लावली.

"का हो?" माझी जाऊ चिडली. "घरचा माणूस देतोय तर तोंड वाकडं! नाही म्हणालात तर त्याला काय वाटेल? तो बोलून दाखवेल कोणाला? आपल्या पोरीला. ती त्या घरात एकटी आहे. बाहेरून घेतलंत ना, तर तिला रोज टोमणे ऐकावे लागतील. आणि चुकीचं घेतलंत तर आपली चूल बंद पडेल. काय ते नीट बघून या." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तुम्ही जा ह्यांच्याबरोबर. इंजिनाकडे हे बघतील. तुम्ही ह्यांच्या तोंडाकडे बघा."

म्हणजे माझी नेमणूक झाली ती भाऊजींनी नाक मुरडलं की कोपराने ढोसायला.

त्या यार्डाचं वर्णन मी भाऊजींच्या पद्धतीने केलं तर तुम्ही जेवणार नाही. जमीन मातीची राहिलीच नव्हती. वर्षानुवर्षं सांडलेल्या तेलाचा चिकट थर होता, त्यावर चप्पल टाकली की सुटताना चुकचुक आवाज यायचा. एका पिंपात काळं तेल साठवलेलं, त्यावर माश्या आणि एक फुगलेला उंदीर. कोपऱ्यात चहाचे पेले विसळायची बादली, तिच्यात पाण्यापेक्षा तवंग जास्त. भाऊजींनी रुमाल काढला, मी कोपर मारलं, त्यांनी रुमाल खिशात ठेवला. पुन्हा काढला.

"या बाबा, या काकू!" जावई पुढे आला. दिसायला चांगला, बोलायला त्याहून चांगला. हाताला अंगठ्या. त्याच्या शर्टावर तेलाचा ठिपका नव्हता, तेही माझ्या लक्षात आलं. एवढ्या घाणीत ज्याचा शर्ट पांढरा राहतो, त्याच्या वाटणीची घाण दुसरं कोणीतरी उचलत असणार.

इंजिन मधोमध लोखंडी घोडीवर ठेवलं होतं. खरंच आरशासारखं. हिरवा रंग दिलेला, स्क्रूंच्या डोक्यांवरसुद्धा रंग, पाइपांवर चकाकी. शेजारी बॅटरी आणि डिझेलचा डबा.

"एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या गाडीचं," जावई सांगू लागला. "रविवारी काढायचे, पुसून ठेवायचे. आठवडा झाला मी उतरवून. तेव्हापासून किल्ली फिरवलेली नाही. म्हटलं, बाबांच्या समोरच पहिल्यांदा सुरू करायचं. एका झटक्यात नाही लागलं तर नाव बदलेन."

भाऊजी इंजिनाभोवती एक फेरी घालून आले. त्यांचा चेहरा जरा सैल झाला होता. खोटं का सांगू, मलाही वाटलं, बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला. त्यांनी रुमाल बाजूला केला आणि तळवा इंजिनावर टेकवायला हात पुढे नेला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून पुतणी पाण्याचे पेले घेऊन आली.

"बाबा, हात लावू नका," ती म्हणाली. "भाजेल."

आवाज अगदी साधा. लहान मुलाला तव्याजवळून बाजूला करावं तसा. जावई वायरीशी काहीतरी करत होता, त्याने वर पाहिलं नाही. भाऊजींचा हात तळव्याइतक्या अंतरावर थांबला. उष्णता त्यांना तिथेच जाणवली असावी, कारण बोटं आपोआप मिटली. त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिने ताट माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "काकू, पाणी."



आठवडाभर न चालवलेलं इंजिन भाजत नाही, हे कळायला मिस्त्री व्हावं लागत नाही. आणि जिने यार्डात दोन वर्षं काढली तिच्या तोंडून असं वाक्य चुकून सुटत नाही, हे कळायला बाप पुरेसा असतो. आता जावयाने मान वर करायची खोटी होती. 'कसं काय गरम?' असा साधा प्रश्न भाऊजींनी विचारला असता, तर पुढचा प्रश्न तिच्यावर आला असता, आम्ही गेल्यावर, दार लावून.

भाऊजी एकदम दोन पावलं मागे सरले.

"शी!" ते ओरडले. असं की बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं. "शी शी शी! मासळी! ही मासळीची गाडी होती!"

"बाबा?" जावई चक्रावला.

"वास येतोय! वहिनी, तुम्हाला येत नाही? माझ्या तर डोक्यात गेला. ही रविवारची गाडी नाही, ही मासळीची गाडी!"

"अहो, इंजिनाला कसला मासळीचा वास? इंजिनात मासे शिजवतात का?"

"ते मला माहीत नाही. मला ओकारी येते. हे माझ्या गाडीत बसलं तर मी स्टिअरिंगवर ओकेन. वहिनी, चला!"

मी माझं कामच विसरले. मग भान आलं आणि मीही पदर नाकाला लावला. "येतोय हो," म्हटलं. "थोडा येतोय."

जावयाने कपाळाला हात लावला. मग हसायला लागला, पोट धरून. यार्डातली दोन माणसंही हसली. "ऐकलंत का रे? इंजिनाला नाक लावतात! बाबा, तुमच्यासाठी अत्तराच्या कारखान्यातलं शोधतो!" अपमान झाल्याचं त्याला वाटलंच नाही. सासरा सरकलेला आहे यावर शिक्का बसला, एवढंच. टोमणा मारायचाच झाला तर तो आता सासऱ्याच्या नाकावर बसणार होता, बायकोच्या जिभेवर नाही.

पुतणी हसली नाही. तिने पेले गोळा केले.

घरी येताना रिक्षात भाऊजी म्हणाले, "त्याने मला फसवलं त्याचं एवढं नाही. पण तिच्यासमोर फसवत होता हो. ती पाणी घेऊन उभी राहणार आणि हा तिच्या बापाला..." पुढचं त्यांनी बाहेर थुंकलं.

इंजिन शेवटी मिळालं ते मिस्त्रीच्या ओळखीने, मागून धडक बसलेल्या एका पिकअपचं. गाडी मागून चेपलेली, पुढून शाबूत. त्या इंजिनाइतकी गलिच्छ वस्तू मी जन्मात पाहिली नाही. धूळ आणि तेल मिळून बोटभर जाडीची साल चढलेली, पंख्याजवळ कसलीशी पिसं चिकटलेली, एका खाचेत वाळलेली पाल. मालक ओशाळून म्हणाला, "धुऊन ठेवायला हवं होतं." भाऊजी म्हणाले, "अजिबात धुऊ नका!" आणि त्या राडीवर त्यांनी उघडा हात टेकवला. गार. किल्ली फिरवली. इंजिन जरा कुरकुरलं, पांढरट धुराची एक गुळणी टाकली आणि मग लागलं, एका सुरात. मिस्त्रीने तेलाचं झाकण काढून आत पाहिलं, तेल मोजायची पट्टी पुसून पाहिली, नंबर कागदाशी ताडला आणि मान हलवली.

"हेच," भाऊजी म्हणाले. हात धुवायला मात्र ते साबणाची वडी घरून घेऊन गेले होते.

गाडी सुरू झाली, गठ्ठे परत यायचे थांबले, मालकीणबाईंनी दुसऱ्या गाडीचं नाव काढलं नाही. इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

आमच्या इमारतीखाली एक रोपवाला त्याचा पिकअप लावतो. फुलझाडांच्या कुंड्या घेऊन दारोदार फिरतो. गरीब, बोलका माणूस. बायको पुढे बसून किमती सांगते, हा कुंड्या उतरवतो. त्याचंही इंजिन धापा टाकत होतं. एके दिवशी तो भाऊजींना हात करून म्हणाला, "दादा, काम झालं! तुमच्याच जावयाकडून घेतलं. म्हटलं, घरचीच ओळख. हिरवंगार आहे, आरशासारखं!"

भाऊजी त्याला काही बोलले नाहीत. वर आले, जेवायला बसले आणि ताट बाजूला सारलं.

"पित्त झालं असेल," जाऊ म्हणाली.

पित्त चार दिवस उतरलं नाही. शेवटी ते वर माझ्याकडे आले. मी धान्य निवडत होते. समोर बसले, खडे बघत.

"वहिनी, इतकी वर्षं मी दुसऱ्यांची घाण वाहिली. कधी अंगाला चिकटली नाही. आता माझीच मला शिसारी येतेय."

"सांगून टाका त्याला."

"सांगितलं की तो यार्डात जाणार. जावई विचारणार, तुला कोणी सांगितलं. मग तो मला विचारणार, मला कोणी सांगितलं. तिथे मासळी चालायची नाही."

"मग पोरीला विचारा."

"तिला काय विचारू? तुला मार खायचा आहे का, असं?"

"मारतो का तो?"

"नाही. मारत नाही. बोलतो." ते खडे बोटाने एका बाजूला करत राहिले. "पण ती बोलली ना त्या दिवशी. तिला भीती वाटत होती, तरी बोलली. आणि मी शी शी करत नाचलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी, रोपवाल्याने गाडी सुरू करायच्या आधी, भाऊजी खाली गेले. मी जिन्यातून पाहत होते. त्यांनी त्याला बॉनेट उघडायला लावलं. इंजिन रात्रभराचं गार. तेल भरायचं झाकण काढून उलटं केलं. झाकणाच्या आत, नासलेल्या दुधावर साय धरावी तशी पिवळट, चिकट घाण जमली होती. तेलात पाणी उतरलं होतं. आत कुठेतरी तडा होता आणि तो कसलंसं औषध ओतून बुजवलेला होता; औषध आता सुटत चाललं होतं. रोपवाल्याची बायको ते बघून तोंडावर हात धरून मागे झाली.

"परत द्या," भाऊजी म्हणाले. "आणि विचारलं तर माझं नाव सांगा."

संध्याकाळी मी खाली भाऊजींकडे बसले असताना जावई आला. पुतणीला घेऊनच आला. बूट न काढता आत आला. जाऊबाई खुर्ची पुसत होती, तशीच राहिली.

"तुमच्यामुळे मी रोपवाल्यासमोर मान खाली घातली. घेतलं परत, दुसरं देतोय त्याला, झालं समाधान? घरचा माणूस धंद्याला सुरुंग लावतो! तेव्हाच बोलायचं होतं ना! तेव्हा मासळी, मासळी! कोणी सांगितलं तुम्हाला?"

भाऊजींनी नाकाला हात लावला. "मला वास..."

"वास पुरे! कोणी सांगितलं?"

"मी," पुतणी म्हणाली.

ती दाराजवळच उभी होती. सगळे वळलो.

"मी सांगितलं. तुमच्यासमोर सांगितलं. तुम्हाला ऐकू आलं नाही, कारण तुम्हाला वाटलं मी पाणी द्यायला आले." तिने दोन्ही हात पुढे धरले. नखांच्या कडेला हिरवा रंग होता, धुऊन धुऊन फिकट झालेला. "तुमच्या शर्टाला डाग लागू नये म्हणून तो रंग मीच देते. तेही सांगते. उद्यापासून देणार नाही."

 जावयाकडे बोलायला खूप होतं, पण ते सगळं दार लावून बोलायचं होतं आणि इथे आम्ही सगळे उभे होतो. "मी खाली गाडीत आहे," एवढं म्हणून तो उतरला.

जाऊबाईने मुलीचा दंड धरला. "राहा इथेच. आजच्या दिवस तरी."

"नको आई. घर माझंही आहे. मी का सोडू?" मग ती वडिलांकडे वळली. "बाबा, उद्या सकाळी येणार आहात का यार्डात?"

"कशाला?"

"रोपवाल्याला दुसरं देताना. गार असताना बघायला."

"येतो," भाऊजी म्हणाले. "साबण घेऊन येतो."

खालून हॉर्न वाजला. ती सावकाश उतरली. जावयाला दारापर्यंत सोडायला जायची रीत आहे, पण भाऊजी जागचे हलले नाहीत. मी खिडकीतून पाहिलं. तिच्यासाठी पुढचं दार आतून ढकलून उघडलं गेलं. तिने ते बंद केलं, मागचं उघडलं आणि मागे बसली.